टी. के. यांचं पान

बंगळुरात घरमालकाला 'ओनर' म्हणतात. ओनर लोक भाडेकरूला काय काय विचारतात, याची तयारी मी नाशिकहून करून गेले होते. नॉनव्हेज करता का, लग्न कधी करणार, मित्रमंडळी येतात का, पाणी जपून वापरता का. राजाजीनगरातल्या त्या घराच्या व्हरांड्यात बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "डबा आहे का आत? काढ की."

मी डबा काढला. आईनं दिलेला, स्टीलचा, आत दशम्या. त्यांनी तो उघडला नाही, उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवून तळ अगदी नाकाशी नेला आणि कोरलेली अक्षरं वाचली. आईचं नाव, खाली 'मामाकडून सप्रेम भेट', खाली तिच्या लग्नाची तारीख.

"घेणारीचं नाव आहे," ते म्हणाले. "देणाऱ्याचं आहे. तारीख पण आहे. आता सांग, केला कुणी?"

"काय केला?"

"डबा गं!"

मी म्हटलं, माहीत नाही, दुकानातून आणला असणार. त्यांनी लांब सुस्कारा सोडला आणि डबा परत दिला. मला वाटलं, घर गेलं. तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचं भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माहीत नाही म्हटलंस ना? मग मिळाली तुला जागा. मागच्यानं कुणाचं तरी नाव ठोकून दिलं होतं, त्याला घालवून दिलं ह्यांनी."

ते काका आणि त्या काकू. काका निपाणीकडचे, काकू धारवाडच्या, आणि दोघंही बंगळुरात इतकी मुरलेली की त्यांच्या मराठीत 'स्वल्प' आणि 'सरी' असे कानडी शब्द कधी यायचे ते त्यांनाही कळत नसे. काका बायकोला 'अगं' म्हणत, गल्ली त्यांना 'अक्का' म्हणे, मी 'काकू' म्हणायला लागले. फाटकावरच्या पाटीवर एकट्या काकांचं नाव होतं.

काकांची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली होती. तिथं प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतःच्या नंबराचा एक छोटा पोलादी पंच मिळे. यंत्राचा भाग तपासायचा, माप बरोबर आलं की हातोडीनं टक्कन आपला नंबर त्यावर उठवायचा. नंबराशिवाय खिळासुद्धा दाराबाहेर जायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि पंच काढून घेतला. आठवण म्हणून तेवढा द्या, असं त्यांनी मागितलं होतं. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. वर तोच नंबर लगेच दुसऱ्या कुणाला तरी देऊनही टाकला. "माझा नंबर दुसराच मारतोय," हे वाक्य काका जेवताना, बातम्या बघताना, कुणी काही विचारलेलं नसतानाही म्हणत. त्यातलं दुःख खरं होतं, म्हणून कुणी हसत नसे.

अशा मनःस्थितीत ते लेकीकडे अमेरिकेत गेले. तिच्या गावात एक म्हातारी वारली होती आणि तिच्या घरातलं सामान अंगणात मांडून विकायला ठेवलं होतं. लेक खुर्ची बघत होती. काका भांड्यांच्या खोक्यापाशी बसकण मारून एकेक भांडं उलटं करत होते. त्यांच्या हाताला चांदीचा, पण काळाकुट्ट पडलेला एक डाव लागला. आपल्याकडे आमटी वाढायला असतो तसाच, फक्त दांडा लांब आणि व्हायोलिनसारखा मध्येच आत घेतलेला. पाठीवर ठसे होते. टी. के. अशी दोन अक्षरं, शेजारी एक चांदणी आणि एका माणसाचं मुंडकं.

"मला वाटलं, माझा पंच सापडला," काका सांगत.

मग त्यांनी अभ्यास केला. फार पूर्वी त्या देशात लोक घरात साठलेली चांदीची नाणी सोनाराकडे नेत आणि तो ती वितळवून चमचे, डाव, साखरेचे चिमटे करून देई. म्हणून तिला नाण्यांची चांदी म्हणतात. दहात नऊ भाग चांदी, उरलेलं तांबं. नाणं चोरीला गेलं तर ते आपलं म्हणून सांगता येत नाही, डाव सांगता येतो, कारण त्याच्या पाठीवर नाव असतं. मला हे ठाऊक आहे, कारण काकांनी पहिल्याच संध्याकाळी मला बसवून हे सांगितलं. पाणी किती वाजता येतं ते मला काकूंकडून कळलं.

काकांना सगळ्यात नवल वाटे ते ठशांचं. इंग्लंडात चांदी तपासून अधिकृत ठसे मारत. अमेरिकेत असं तपासणारं बहुतेक ठिकाणी कुणी नव्हतं. तर तिथले सोनार आपल्या नावाशेजारी इंग्रजी ठशांसारख्या दिसणाऱ्या चांदण्या, गरुड, मुंडकी आपल्या मनानंच उठवत.

"म्हणजे खोटे ठसे," मी म्हटलं.

काका भडकलेच. "खोटे काय गं? वर इन्स्पेक्टर नाही, कुणी विचारणारा नाही, तरी माणूस स्वतःच्या कामाखाली स्वतःचं नाव घालतोय! चांदणी हौसेनं घातली असेल. आपण लग्नपत्रिकेवर गणपती छापतो, तो काय गणपतीनं तपासून पाठवलेला असतो?"

गणपती मध्ये आल्यावर मी वाद सोडून दिला.

पुढे लेक प्रत्येक खेपेला एकेक वस्तू आणत गेली आणि ती घरात सामावून घेणं काकूंवर पडलं. मोहरीची पूड वाढायचा इवलासा चमचा लोणच्याच्या बरणीत गेला. साखरेचा चिमटा खडीसाखरेच्या प्रसादाला लागला. मासे वाढायचा पसरट नक्षीदार चमचा आला तेव्हा मात्र पेच पडला. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नसे, तिथं चमच्यावर चक्क खवल्याखवल्यांचा मासा कोरलेला. काका शांतपणे म्हणाले, "मत्स्यावतार आहे." काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवला. आणखी एका चमच्याच्या दांड्याचं टोक शवपेटीच्या आकाराचं होतं. तिकडं एके काळी तशी फॅशन होती म्हणे. तो काकूंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तो चपलांच्या कपाटात राहायचा आणि काका त्यानं बूट चढवायचे. दीड-दोनशे वर्षं जुन्या अमेरिकन चांदीचा असा उपयोग जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर बनशंकरीला एका लग्नात गेले. केळीच्या पानांवर पंगत बसली होती. वाढपी सांबाराची बादली घेऊन आला आणि त्यानं डाव भरून काकांच्या पानावर धरला, तसं काकांनी त्याचं मनगट पकडलं. "स्वल्प थांब," म्हणाले आणि मागची बाजू बघायला डाव उलटा केला. भरलेला. सांबार नवऱ्या मुलाच्या मामांच्या नव्या पंच्यावर गेलं. केटरर धावत आला. हा म्हातारा भांडी तपासतोय म्हणजे अन्न खात्याचा माणूस असणार, असं त्याला वाटलं असावं. त्यानं आम्हाला हात जोडून निराळ्या टेबलावर नेलं, पायसम ठेवलं आणि काय चुकलं ते विचारलं.

"हे कुणी केलं?" काकांनी सांबाराच्या बादलीतल्या डावाकडे बोट दाखवलं.

केटररनं आत बघून हाक मारली. मुदपाकखान्यातून एक घामेजलेला आचारी हात पुशीत आला आणि अदबीनं उभा राहिला. "ह्यांनी केलं, सार."

"सांबार नव्हे हो! डाव! सांबार कुणी केलं त्याच्याशी मला काय करायचंय?"

आचारी बिचारा आल्या पावली परत गेला. सांबार फार चांगलं होतं.

घरी जेवायला बसलं की काका टी. के. यांच्या डावानं आमटी वाढून घेत आणि डाव डोळ्यांसमोर धरून म्हणत, "टी. के., काय हात होता हो तुमचा!" त्यात त्यांचं भान हरपायचं. काकू म्हणत, "डावाचा बाप सापडेल, आमटी गार होईल." पण काकांच्या कानापर्यंत ते जात नसे.

दक्षिणेत माणसं आद्याक्षरांवरच ओळखली जातात. त्यामुळे गल्लीची समजूत झाली होती की टी. के. म्हणजे काकांचे कारखान्यातले कुणी जुने सोबती. समोरच्या घरातल्या आजोबांनी एकदा मला अडवून विचारलं, "टी. के. सार आता कसे आहेत?" मी म्हटलं, वारले. ते फार हळहळले. "अरेरे! कधी?" खरं उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. "झाले बरेच दिवस," मी म्हटलं. संध्याकाळी ते काकांना भेटायला आले, अर्धा तास दुःख करून गेले, आणि काकांनीही ते मनापासून स्वीकारलं.

आणि टी. के. यांचं श्राद्ध व्हायचं. दर सर्वपित्री अमावास्येला गच्चीवर काकांच्या आईवडिलांचं पान ठेवलं की शेजारी आणखी एक पान वाढलं जाई. टी. के. यांना मूलबाळ होतं की नाही कोण जाणे, असलं तरी तिकडं अमेरिकेत त्यांना घास कोण ठेवणार, असं काकांचं म्हणणं. माझ्यासमोर पहिल्यांदा हे झालं तेव्हा नेहमीचे गुरुजी आजारी होते आणि त्यांच्या जागी नवे आले होते.

"नाव?" नव्या गुरुजींनी विचारलं.

"टी. के."

"पूर्ण?"

"माहीत नाही."

"गोत्र?"

"माहीत नाही."

"गेल्याची तिथी?"

"ती पण नाही."

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. "गोत्र माहीत नाही त्याला काश्यप. तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्री. बसतं. नातं काय सांगू?"

"आमचा डाव केला त्यांनी."

"आप्तांमध्ये घालतो," गुरुजी म्हणाले. मग धडाधड चाललेल्या संस्कृतात 'काश्यपगोत्रस्य टीकेनामधेयस्य' असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

कावळा पानाला शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, हा तिथला नियम होता. भाडेकरू आणि गुरुजीसुद्धा त्यात आले. दरवर्षी कावळे बिनतक्रार येत असत म्हणे. त्या वर्षी एक कावळा आला, आईवडिलांच्या पानावरचा वडा त्यानं उचलला, टी. के. यांच्या पानाला प्रदक्षिणा घातली आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. वर घारी फिरत होत्या. गुरुजींना आणखी घरं होती. मी गच्चीवरच लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर होते, कारण मी सुट्टी घेतली नव्हती आणि उपाशीपोटी व्हाइटफील्डच्या ऑफिसपर्यंत मेट्रोत उभं राहायची माझी तयारी नव्हती.

आता मेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलंय म्हटल्यावर त्याला वचन द्यायला हवं. काका हात जोडून पानासमोर उभे राहिले. "टी. के., डाव जपून वापरीन." कावळा हलला नाही. "डाव कधी मोडीत घालणार नाही." नाही. "लेकीला सांगून तुमच्या गावात एक झाड लावीन." कावळ्यानं मान फिरवली. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, हसू की रडू ते मला कळलं नाही. शेवटी काका एकदम मोठ्यानं म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव शोधून काढीन. शब्द देतो!"

कावळा टाकीवरून उतरला आणि पानाला शिवला. मी आनंदानं ओरडले. माझा माइक चालू होता. पलीकडे कुणीतरी त्यांच्या नव्या वेळापत्रकाबद्दल बोलत होतं, त्यांना वाटलं मला ते फार आवडलं. ते वेळापत्रक मंजूर झालं आणि पुढं माझ्या सगळ्या टीमनं त्याबद्दल मला शिव्या दिल्या.

इथवर सगळी गंमत होती. पण कावळ्याला दिलेला शब्द म्हणजे मेलेल्याला दिलेला शब्द, तो मागं घेता येत नाही. त्यात त्या थंडीत काकांना छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी त्यांचं चढणं-उतरणं बंद केलं. काका एक दिवस मला म्हणाले, "नाव मिळायच्या आत मी गेलो, तर तिकडं टी. के. भेटतील की गं. काय तोंड दाखवू?" मी हसायला गेले आणि त्यांच्याकडे बघून थांबले. माणूस खरोखर घाबरला होता. काकू तर देवघरातल्या मत्स्यावतारालाच रोज साकडं घालत होत्या.

लेक तिकडं चांदीच्या जाणकारांना ठशांचे फोटो पाठवत होती. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी खालीच होते. "बाबा, टी. के. यांचं पूर्ण नाव मिळालं!"

काकांनी आधी डोळे पुसले. मग म्हणाले, "अगं, शिरा कर."

"पण बाबा," लेक म्हणाली, "ते सोनार नव्हते. दुकान होतं त्यांचं. घड्याळं, चष्मे, छत्र्या विकायचे. असे डाव दुसऱ्या कुणाकडून तरी घाऊक करून घ्यायचे आणि पाठीवर आपला ठसा मारून विकायचे. तेव्हा पुष्कळ दुकानदार तसं करत म्हणे. प्रत्यक्ष कुणी केला ते आता कळायचं नाही."

कढईत रवा भाजल्याचा वास येत होता. काकू झारा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मग झालं की! टी. के.चं नाव शोधतो म्हणालात, शोधलंत. सुटलात."

"शब्द कुणाला दिला होता मी?" काका म्हणाले. "डाव केला त्याला. छत्र्या विकणाऱ्याला नाही."

"होगली बिडी," काकू म्हणाल्या. म्हणजे, जाऊ द्या हो. पण काकांनी जाऊ दिलं नाही. डाव पुसून कपाटात गेला. आमटी स्टीलच्या पळीनं वाढली जाऊ लागली. काका टी. के. यांना लबाड, चोर, दलाल असं काहीबाही म्हणत. समोरच्या आजोबांना वाटलं, मेलेल्या मित्राबद्दल माणसानं असं बोलू नये. त्यांनी येणं बंद केलं.

काही दिवसांनी मी ऑफिसमधून परत आले तर काका व्हरांड्यात बसले होते, मांडीवर डाव पालथा.

"बस," ते म्हणाले. "मी त्या टी. के.ला उगाच बोललो. कारखान्यात भाग कातायचा टर्नर. माप त्याच्या हातातलं, घाम त्याचा. आणि त्यावर नंबर कुणाचा? माझा. टक्कन. सगळं आयुष्य गं. त्या टर्नरांतल्या एकाचंही पुरतं नाव मला आठवत नाही. पंच घेतला म्हणून मी रडत होतो आणि त्यांना कधी पंच मिळालाच नव्हता. टी. के. म्हणजे मीच की."

मला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला.

पुढच्या सर्वपित्रीला दोन ऐवजी तीन पानं मांडली. नवे गुरुजी आता जुने झाले होते, त्यांनी विचारलं, "दुकानदाराचं पान बंद करायचं ना?"

"का?" काका म्हणाले. "ते आमच्या डिपार्टमेंटचे."

तिसरं पान डाव करणाऱ्याचं. काकांना गच्चीवर खुर्चीत बसवून आणलं होतं. कावळ्यानं आईवडिलांचं पान घेतलं, टी. के. यांचंही आनंदानं घेतलं आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. काका खुर्चीतून उठले. "तुमचं नाव मला मिळालं नाही," ते पानाला म्हणाले. "मिळणारही नाही. माझी झेप तेवढीच. पण यापुढं कुठलीही वस्तू वापरीन ती केली कुणी ते विचारीन आणि त्याचं नाव घेऊन मग वापरीन." कावळा आला. मला त्या दिवशी इतकी भूक लागली होती की त्या कावळ्याबद्दल माझ्या मनात कायमची माया निर्माण झाली.

त्यानंतर त्या घरात राहणं कठीण होऊन बसलं. काकांनी शब्द अक्षरशः पाळला. झाडू विकणारीचं नाव विचारून घेतलं आणि झाडू हातात घेताना ते म्हणायला लागले. शर्ट घालताना शिंप्याचं. चप्पल घालताना चांभाराचं. त्यांना कोपऱ्यावर दूध आणायला निघायचं तर नावं घेता घेता डेअरी बंद व्हायची. मिक्सरच्या कंपनीला फोन लावून त्यांनी विचारलं, आमचा मिक्सर जोडला कुणी? पलीकडची मुलगी म्हणाली, सर, तुमची तक्रार काय आहे? "तक्रार नाही गं, छान चाललाय." तिच्याजवळ त्यासाठी कुठलंही बटण नव्हतं. जेवायला बसलं की ताटाचं, वाटीचं, पाटाचं अशी सगळी नावं व्हायची. काकू गरम पोळी हातावर घेऊन ताटकळत उभ्या असायच्या आणि काका डोळे मिटून पोळपाटाच्या सुताराचं नाव आठवत असायचे.

पण चेहरा उजळला होता त्यांचा. "माझा नंबर दुसराच मारतोय" हे वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला परत आले. काकांना प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी तांब्याची एक कळशी पाठवली. तळाशी कानडीत एक नाव कोरलेलं होतं, ती घडवणाऱ्याचं. माझं नाव नाही, तारीख नाही, काका-काकूंचं तर नाहीच. आहेर मांडला तेव्हा ही कुणाकडून आली ते कुणालाच कळेना. सासूबाईंनी अक्षरं निरखली आणि दक्षिणेतल्या कुठल्याशा देवाचं नाव असणार म्हणून हळदकुंकू वाहिलं. मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, वाहिलं ते वाहिलं. अजून वाहतात.

काका झोपेतच गेले. मला अंत्यदर्शन मिळालं नाही, याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील.

त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावरची पहिली सर्वपित्री. दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेहून आली होती आणि तीच सगळं करत होती. मागं ती गच्ची, ती पाण्याची टाकी, घड्याळ बघणारे गुरुजी. चार पानं होती. तीन शिवून झाली होती, टी. के. यांचं सगळ्यात आधी. काकांच्या पानाला कावळा शिवत नव्हता.

"सगळं सांगून झालं," लेक म्हणाली. "आईला माझ्याकडे नेईन म्हटलं. डाव मोडीत घालणार नाही म्हटलं. पान चांदीच्या डावानं वाढलंय, डावाचं सांगितलं. केळीचं पान कुणी कापलं, द्रोण कुणी लावले, सगळ्यांची नावं घेतली. काय राहिलंय त्यांचं? तुला काही बोलले होते का?"

मी पानाकडे बघितलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, द्रोणात आमटी. त्या आमटीच्या आठवणीनं मला नाशिकात बसल्या जागी भूक लागली, आणि मग सुचलं.

"ताई," मी म्हटलं, "स्वयंपाक कुणी केला ते सांगितलंत का?"

टाकीच्या आडून काकूंचा आवाज आला. "अय्यो, त्यात काय सांगायचंय? रोजचंच."

"सांग की आई."

"मला नाही येत असलं."

"आई, सांग."

काकू पुढं आल्या. हाताला अजून पीठ होतं. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि पानाकडे न बघता, कठड्याकडे बघून म्हणाल्या, "मी केलंय." मग जरा थांबून, शाळेत पहिल्या दिवशी सांगावं तसं नाव सांगितलं. "सरोजा."

इतकी वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले होते आणि ते नाव मला तेव्हा कळलं.

फोनमध्ये आधी पंखांचा आवाज आला. कावळा वड्याकडे गेला नाही, खिरीकडे गेला नाही. त्यानं सरळ आमटीच्या द्रोणात चोच घातली.